फोडणीवर जुळवलेले स्पीकर

भास्कर,

परवा तुझी तेरवी झाली. लोक जेवले, तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि जाता जाता प्रत्येकाने समोरच्या खोलीतल्या त्या दोन उंच पेट्यांकडे बोट दाखवून मला विचारलं, आता याचं काय करता. जणू तू मागे दोन म्हशीच सोडून गेलास. कॉलनीच्या वार्षिकात छापायला तुझा परिचय लिहून द्या, असंही मला सांगितलंय. तो दुसऱ्या कोणी लिहावा. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, पश्चात कोण कोण, हे तुझं तुला माहीत आहे आणि मलाही.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यात टाकून तू निघून गेलास आणि हे तुझ्या स्वभावाला धरून झालं नाही. हरलास तरी शेवटचं वाक्य तुझंच असायचं. यावेळी शेवटचं वाक्य माझ्या तोंडचं राहिलं आणि ते मला घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचतंय.

तुला आठवतं का, तू मला पहिल्यांदा त्या मागच्या खोलीत नेलंस ते? मी कॉलनीत नवा होतो. शाळेत भूगोल शिकवायचो, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आजही कळत नाही. तू दिवसभर बुटीबोरीच्या मिलमध्ये माग दुरुस्त करायचास आणि घरी येऊन आंघोळ केली की थेट स्पीकर. कोणाच्या घरातून भंगारात निघालेला रेडिओग्राम, कोणाच्या लग्नाच्या मांडवात फाटलेले स्पीकर, सगळं तुझ्याकडे यायचं. फाटलेल्या कागदी कोनावर पातळ कागदाची ठिगळं चिकटवून तू ती बोटाच्या टोकाने अशी दाबायचास की मला आईने ताप बघायला कपाळावर ठेवलेला हात आठवायचा. नवीन पेट्याही बनवायचास. प्लायवुड कापून आणायचास आणि आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून आत कापूस भरायचास. कापूस बाजारात मिळत होता. तरीही तुला वहिनींच्या जुन्या गाद्यांमधलाच लागायचा, कारण तो म्हणे 'मुरलेला' असतो. नलूवहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्या दोस्ताच्या डब्यायले रजई आहे, अन् पाहुण्यायले नाही." पेट्यांना तुमच्या घरात डबेच म्हणत.

माझं काम एकच होतं. समोरच्या खोलीत मधोमध वेताची खुर्ची ठेवलेली असायची, तिच्यात बसायचं आणि ऐकू येईल ते सांगायचं. तू स्वतः व्हरांड्यात पाठ करून उभा राहायचास, माझा चेहरा दिसू नये म्हणून. नागपूरचा मे महिना असला तरी आधी कूलर बंद. कूलरच्या घरघरीत तुला काही सांगता यायचं नाही म्हणे. घामाच्या धारा पुसत मी सांगायचो, डावीकडून बारीक येतंय, उजवीकडे काहीतरी घुमतंय. एकदा मी विचारलं, कॉलनीत दोन तबलजी आणि एक हार्मोनियमवाले असताना तू मला का बसवतोस. तू म्हणालास, "तुले गाण्यातलं काई समजत नाही गा, म्हणून. ते लोक गाणं ऐकतात. तू आवाज ऐकतो." ही स्तुती होती की अपमान, हे मी आजवर ठरवलेलं नाही.

मग ती फोडणी. ही तुझी अक्कल, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सुचली नसती. तुझं म्हणणं असं, की गाण्यावर स्पीकर जुळवणं हाच मूर्खपणा. गाणारा खरा कसा गात होता हे आपण कुठे ऐकलंय? जे रोज कानाने ऐकतो, तेच डब्यातून तसंच आलं तर डबा खरा. म्हणून एका दुपारी तू स्वयंपाकघरात माइक लावून ठेवलास. वहिनी वरणाला फोडणी देत होत्या. आधी तेलाची शांतता, मग मोहरी तडतडते, मग कढीपत्ता पडतो आणि चर्र होतं. तेवढ्यात वहिनींचं माइककडे लक्ष जातं. "हे काय लावलं जी इथं? माह्या फोडणीची टेप करून राहिले? लोक हसतीन ना." मग तुझं हसणं, भांड्यावर झाकण, आणि शेवटी, "चला, पान वाढलं."

बस, एवढंच. आधी कॅसेटवर, मग तुझ्या लेकीने, पूर्वाने, कॉलेजात असताना पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. त्यानंतर तुझ्या हातून गेलेला प्रत्येक स्पीकर त्या फोडणीवर जुळवला गेला. डबा वाजवायचा, लगेच वहिनींना खरीखुरी फोडणी द्यायला लावायची, आणि दोन्हींत फरक वाटला की पेटी परत उघडायची. त्या काळात तुमच्याकडे जितक्या भाज्या झाल्या तितक्या मी आयुष्यात खाल्ल्या नाहीत. रामटेकहून वहिनींच्या माहेरचा तांदूळ यायचा, त्यावर ते वरण. मी वजन वाढल्याची तक्रार केली की वहिनी म्हणायच्या, तुमच्या कानाची मजुरी आहे ती.

वहिनी गेल्या आणि खरी फोडणी बंद झाली. तुझ्या डब्यातलीच राहिली.

तुझे कान गेलेत हे मला कधी कळलं, तेही सांगतो. आपण दोघं व्हरांड्यात बसलो होतो. स्वयंपाकघरात तू गॅसवर कुकर ठेवला होतास. शिट्टीवर शिट्टी झाली आणि तू मला मिलमधल्या कोणत्यातरी मागाची गोष्ट सांगतच राहिलास. मला वाटलं, रंगात आला आहे. मी गॅस बंद करून आलो तर तू विचारलंस, कुठे गेला होतास. मग मी लक्ष ठेवायला लागलो. दारावरची बेल तुला ऐकू यायची नाही. फोन वाजताना दिसला तरच तू उचलायचास. मोठं जाड बोलणं कळायचं, बारीक आवाज मात्र तुझ्यापर्यंत पोहोचतच नव्हते. जन्मभर त्या मागांच्या खडखडाटात उघड्या कानांनी उभा राहिलास ना तू. बाकीचे कानात बोळे घालायचे. तू घालायचा नाहीस, कारण कोणता माग बिघडणार हे तुला आवाजावरून आधी कळायचं आणि त्याचा तुला माज होता. माज म्हणतोय मी, राग येऊ दे.

त्याच सुमाराला तू हे शेवटचे डबे करायला घेतलेस. तुझ्या सगळ्या कामांत हे देखणं. सागवानी पट्ट्या, खाली मोठा स्पीकर, वर बारीक आवाजाचा छोटा, ज्याला तुम्ही लोक ट्वीटर म्हणता. जुळवायला लागलास आणि तुझं सुरू झालं, नलूचा आवाज दबून राहिला. ट्वीटरला लगाम घालणारा एक बारीकसा रेझिस्टर असतो, तो तू बदललास. आवाज वर आला. तरी दबून राहिला. परत बदललास. शेवटी काढूनच टाकलास, आणि पुढे आणखी काय काय केलंस ते तुलाच माहीत. मी खुर्चीत बसून दर वेळी सांगत होतो की आता बारीक आवाज फार वर गेलाय, मोहरी पत्र्यावर गारा पडल्यासारखी वाजतेय, वहिनींचा प्रत्येक 'च' आणि 'स' कानात सुई घालतोय. तू म्हणायचास, "तुह्या कानाचं वय झालं."

माझ्या कानाचं! भूगोलाच्या मास्तराचा कान आहे तो, मागच्या बाकावरची कुजबुज ऐकून ऐकून तयार झालेला. मी तुला रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं, माझ्या ओळखीचे आहेत म्हटलं. तू म्हणालास की डब्यात गडबड आहे आणि डॉक्टर डबा उघडत नाही. मशीन लावून घे म्हटलं तर तू असं पाहिलंस की मी जणू तुला कुबडी आणून दिली. हे भांडण आपण किती वेळा भांडलो! रागावून मी घरी जायचो आणि संध्याकाळी तूच मोसंबी घेऊन फाटकात उभा. भांडणाचा उल्लेख नाही, एकदम पेरूच्या झाडावर चढलेल्या माकडांचा.

आणि मग तो दिवस. तू मला फोन करून बोलावलंस. कूलर बंद होता, खुर्ची मांडलेली होती, पण यावेळी खुर्चीत तू बसला होतास. मला तू बाजूला उभं केलंस आणि रेकॉर्डिंग लावलंस. मला कानावर हात ठेवावेसे वाटले, इतकं ते टोकदार होतं. तू मात्र डोळे मिटून बसला होतास आणि तुझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. वहिनींच्या जाण्यानंतरही मी तुला रडताना पाहिलं नव्हतं. "आता आली," तू म्हणालास. "आता बराबर आली पाह्य नलू."

आणि मी म्हणालो, "भास्कर, ही वहिनी नाही."

मला ते वाक्य परत घ्यायचं नाही. मी खोटं बोललो नव्हतो. तूच मला त्या खुर्चीत बसवून, जे ऐकू येतं तेच सांग म्हणून शिकवलं होतंस. नलूवहिनींचा आवाज जाडसर होता, मऊ होता, तापलेल्या दुपारी माठातलं पाणी प्यायल्यावर वाटतं तसं त्यांचं बोलणं ऐकून वाटायचं. त्या पेट्यांतून जे येत होतं ते पत्रा कापण्याच्या कात्रीचं होतं. माझ्या वहिनींना कोणी असं वाजवलेलं मला सहन झालं नाही. तूही कोणाचं काम असं बिघडलेलं सहन केलं नसतंस.

तू उठून रेकॉर्डिंग बंद केलंस आणि मला हातानेच दाराची वाट दाखवलीस. मोसंबी घेऊन तू आला नाहीस. आला तो शेजाऱ्यांचा निरोप, तुला दवाखान्यात नेलंय म्हणून. तिथे तोंडावर मास्क, सगळीकडे यंत्रं टींटीं करत होती, आणि ती तुला ऐकू येत नव्हती एवढं एकच सुख. मी तुझ्या कानाशी वाकून मोठ्याने बोललो. नर्स ओरडली, आजोबा, हळू. तू मान हलवलीस. भास्कर, तुझी ऐकून हलवायची मान वेगळी होती आणि न ऐकता हलवायची वेगळी. ती दुसरी होती. मी काय बोललो हे तुला कळलंच नाही, आणि आता मी ते इथे लिहीत नाही. ते त्या खाटेपाशी बोलायचं होतं.

अस्थी घेऊन आम्ही रामटेकला अंबाळा तलावावर गेलो. परत येताना गाडीत, मनसर गाव मागे पडल्यावर पूर्वा म्हणाली, "काका, तेरवी झाली की मले आईचं ते फोडणीचं रेकॉर्डिंग ऐकवा. बाबांच्या नव्या स्पीकरवर." मी म्हटलं, अगं, ते तुझ्या फोनवर असेलच. आहे, ती म्हणाली, पण फोनवर आई डबीत बसल्यासारखी वाटते. बाबा म्हणत होते, नव्या डब्यांत आई खरी येते, तू ये, ऐक. आणि मी आलेच नाही. पुण्यातल्या नोकरीने तिला सुट्टी दिली नव्हती, हे ती मला परत परत सांगत होती. मी तिला तसं विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ती खरी आई ऐकायला बसणार आणि डब्यातून कात्री निघणार. तिला बापाचं शेवटचं काम म्हणून हे आठवणार, आणि आईचा आवाज म्हणूनही हेच. मी इतवारीच्या बाजारात जाऊन एक रेझिस्टर आणला. तुझ्यासोबत इतकी वर्षं राहून मला एवढं येतं. मागची झाकणी उघडायची, ट्वीटरच्या तारेत तो बसवायचा, आवाज जागेवर येईल. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, पूर्वा आंघोळीला गेली तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तुझ्या पेटीपाशी बसलो. पहिला स्क्रू सैल केला आणि हात थांबला. तुझी परवानगी नव्हती ना. तुझ्या हयातीत मी तुझ्या पेटीचा एक स्क्रू उघडला नाही आणि तू नसताना उघडायचा, हे मला चोरी केल्यासारखं वाटलं. बाथरूमचं दार वाजलं. मी स्क्रू परत पिळला.

ती केस पुसत आली, खुर्चीत बसली. मी कूलर बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. रेकॉर्डिंग लावलं आणि मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो, तू व्हरांड्यात उभा राहायचास तसा, चेहरा दिसू नये म्हणून.

मोहरी तडतडली आणि ती दचकलेली मला पाठीमागून कळली. कढीपत्ता पडला तेव्हा ती उठली. वहिनी बोलायला लागल्या, आणि पूर्वा म्हणाली, "काका, ही आई नाही." अगदी माझंच वाक्य. मग ती झपाट्याने स्वयंपाकघरात गेली आणि दार धाडकन ओढून घेतलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. मला तुझा असा राग आला, भास्कर, की समोर असतास तर हात उचलला असता. एवढी अक्कल, एवढे हात, आणि एका पोरीला तिची आई नीट देता आली नाही. डॉक्टरकडे आला असतास तर काय बिघडलं असतं? मी बंद करायला पुढे झालो.

"काका, बंद नका करू," आतून पूर्वा म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. "पुन्हा लावा. अन् तुम्ही इकडे या."

मी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं, आत गेलो, आणि तिने माझ्यामागे दार लावून घेतलं. ती ओट्याला टेकून खाली बसली होती. मीही गुडघे धरत तिच्याशेजारी बसलो. जाड लाकडी दार आहे ते, तूच बसवलेलं. त्यातून सुया येत नव्हत्या, कात्री येत नव्हती. बाहेर मोहरी तडतडली, जशी तडतडते तशी. कढीपत्ता पडला. आणि मग बाहेरच्या खोलीत नलूवहिनी बोलल्या. त्यांच्याच जाडसर, मऊ आवाजात, आपल्या घरातून फिरताना बोलायच्या तशा. हे काय लावलं जी इथं.

मला एवढं सोपं इतके दिवस कसं दिसलं नाही? जे दाराने अडवलं ते तुझ्या कानांनी अडवलेलं होतं. तेवढंच तू डब्यात वाढवत गेलास, वाढवत गेलास, जोवर ती या बाजूला नीट येत नाही तोवर. तुझं काम चुकलं नव्हतं. तुझ्या इतर कुठल्याही डब्याइतकंच ते बरोबर होतं, फक्त ते एका माणसासाठी होतं. तो माणूस आता नाही, आणि ते डबे आता जगात कोणाच्याच कामाचे नाहीत. मी खरं बोललो होतो, तूही खरं बोलला होतास, आणि हे एकमेकांना सांगायला आपण दोघं एका खोलीत आता कधी बसणार नाही.

"बाबाले अशी ऐकू येत होती आई?" पूर्वाने विचारलं. इतकी वर्षं पुण्यात राहून तिच्या तोंडात 'बाबाले' आलं.

"अशीच," मी म्हटलं. "तो म्हणाला होता मले. आता बराबर आली, म्हणे."

तिने माझा हात धरला. बाहेर तू हसलास. भांड्यावर झाकण पडलं. मग वहिनी म्हणाल्या, चला, पान वाढलं, आणि रेकॉर्डिंग संपलं. कूलर बंद होता, स्वयंपाकघर तापलं होतं, आमचे कपडे घामाने अंगाला चिकटले होते. तरी बराच वेळ आम्हा दोघांपैकी कोणीच दार उघडायला उठलं नाही.